विषय: एल-१ साठी जॉबरला 'मॅनेजर' दाखवण्याबद्दल

प्रेषक: हिशेब विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

नमस्कार मंडळी,

इथल्या टॉवेल-नॅपकिन एक्स्पोर्टवाल्यांत सध्या एकच चर्चा आहे. न्यू जर्सीत कंपनी काढायची आणि इथली माणसं बदलीवर, एल-१ व्हिसानं (कंपनीअंतर्गत बदलीचा अमेरिकन व्हिसा) तिकडं न्यायची. एजंट म्हणतो, कोटा नाही, लॉटरी नाही, पगाराची अट नाही, फक्त कागद 'सेट' करायचे. म्हणजे लूमवरच्या जॉबरला (विणकरांवरच्या मुकादमाला) प्रॉडक्शन मॅनेजर करायचं आणि मालकाच्या भाच्याला मागच्या तारखेचं नेमणूकपत्र द्यायचं. तिकडं हे काम करणाऱ्यांनी सांगावं, हे कुठं अडकतं आणि अडकलं तर कुणाचं काय जातं? उपदेश नको, कागद सांगा.

——

प्रेषक: इमिग्रेशन पॅरालीगल, एडिसन, न्यू जर्सी

काका, एजंटचं निम्मं खरं आहे, म्हणूनच ते खपतं. एल-१ ला एच-१बी या नोकरीच्या व्हिसासारखी वर्षाला ८५,००० ची मर्यादा नाही आणि 'प्रचलित वेतना'ची (त्या भागात त्या कामाला चालणाऱ्या पगाराची) अटही नाही. पण किमान वेतनाचा कायदा लागतोच. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग कंपनीनं बंगळूरहून आणलेल्या आठ जणांना रुपयांतलाच पगार चालू ठेवला होता. तो तासाला १.२१ डॉलर पडत होता. अमेरिकेच्या कामगार खात्यानं ४०,००० डॉलरवर थकबाकी वसूल केली.

आता मूळ अट. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष, पूर्णवेळ, अमेरिकेबाहेर, त्याच कंपनीत किंवा तिच्याशी मालकीनं जोडलेल्या कंपनीत नोकरी झालेली हवी. मॅनेजरसाठी एल-१ए, कमाल ७ वर्षे. कंपनीचं खास ज्ञान असणाऱ्यासाठी एल-१बी, कमाल ५ वर्षे. खोटेपणा बहुतेक वेळा या तीन ठिकाणी घुसतो: ते एक वर्ष, तो हुद्दा आणि ती मालकी.

हुद्द्याचं आधी सांगते. विणकरांवर देखरेख करणारा जॉबर किंवा शिफ्ट सुपरवायझर कायद्याच्या नजरेत मॅनेजर नाही, पगार कितीही दाखवा. हाताखाली सुपरवायझर, मॅनेजर किंवा पदवी लागणाऱ्या पेशातली माणसं हवीत, नाहीतर कंपनीचं एखादं मुख्य खातं त्याच्या एकट्याच्या अखत्यारीत हवं. अर्जाबरोबर कामाचं वर्णन टक्केवारीसह मागतात: नियोजनाला किती वेळ, खरेदीला किती, माणसांना किती. एजंट हे वर्णन एका साच्यातून काढतो. टॉवेलच्या कारखान्याच्या वर्णनात 'क्लायंट डिलिव्हरेबल्स' आलं की ते कुठल्या तरी आयटी कंपनीच्या फायलीतून उचललंय हे शेंबडं पोरही सांगेल.

एल-१बी तर त्याहून अवघड. जॅकार्ड लावता येणं, टेरीच्या लूपची उंची जुळवणं ही कारागिरी खरीच. पण सोलापुरात ती येणारे गल्लोगल्ली आहेत. कंपनीची स्वतःची अशी प्रक्रिया हवी, जी बाहेरच्याला पटकन शिकवता येत नाही.

नवीन ऑफिस असेल तर पहिली मंजुरी एकच वर्षाची. जागा आधी घेतलेली लागते. टपालाचा नुसता पत्ता म्हणजे जागा नव्हे. वर्षानं मुदतवाढ मागताना धंदा चालू आहे आणि मॅनेजरला पोसण्याइतकी माणसं नेमलीत हे दाखवावं लागतं. दोनच माणसं, दोघेही मॅनेजर आणि खोकी उचलायला तिसरा नाही, अशा फायली तिथंच आपटतात. शिवाय इमिग्रेशन खात्याच्या एफडीएनएस या तपास शाखेचा माणूस न सांगता जागेवर येऊ शकतो. तो दारात असलेल्यालाच विचारतो, तू काय करतोस?

आता कुणाचं काय जातं. माणूस नेण्यासाठी कंपनी करते त्या आय-१२९ अर्जावर सही कंपनीची असते, शपथेवर. खोटं ठरलं तर मंजुरी रद्द, आणि प्रकरण फौजदारीत गेलं तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण मालक सोलापुरात बसलेला असतो. जाणारा मुलगा डीएस-१६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म) भरतो, मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये मुलाखत देतो आणि तेच खोटं स्वतःच्या तोंडानं सांगतो. जाणूनबुजून खोटं बोलल्याचा शिक्का त्याच्या नावावर बसतो, तो आयुष्यभराचा. तात्पुरत्या व्हिसासाठी सूट मागता येते, पण ती द्यायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर. ग्रीन कार्डसाठीची सूट तर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदार वा आई-वडील असतील आणि त्यांचे फार हाल होत असतील, तरच विचारात घेतात. नंतर ब्रिटन-कॅनडाचे फॉर्मही विचारतात, व्हिसा कधी नाकारला होता का?

"फॉर्म एजंटनं भरला" हे म्हणणं टिकत नाही. फॉर्म भरायला कुणी मदत केली का, हा प्रश्न डीएस-१६० मध्येच आहे, आणि सबमिट अर्जदारानंच करायचं असतं. जुने फॉर्मही त्यांच्याकडे जपलेले असतात. चार वर्षांपूर्वी टूरिस्ट व्हिसासाठी 'लूम सुपरवायझर' लिहिलं असेल आणि त्याच काळासाठी आता 'जनरल मॅनेजर' म्हटलं, तर विसंगती शोधायला सोलापूरला यायची गरजच नाही. आले नाहीत तरी फोन करतात, आणि फोन कारखान्याच्या गेटवर उचलला जातो.

——

प्रेषक: कर सल्लागार, रेल्वे लाइन्स, सोलापूर

ताईंनी तिकडची बाजू सांगितली, इकडची मी जोडतो.

मागच्या तारखेचं नेमणूकपत्र पाच मिनिटांत टाइप होतं. पीएफचं काय करणार? यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) पासबुकात महिन्यागणिक भरणा असतो आणि चलनावर पैसे भरल्याची तारीख असते. बारा महिन्यांचा भरणा एकाच दिवशी, व्याज-दंडासकट केला, तर तो तसाच दिसतो. फॉर्म १६ आणि २६एएस (करकपातीचे कागद), बँकेत जमा होणारा पगार, ईएसआयसी (कामगार विमा) हे सगळं जुळावं लागतं. अर्जासोबतच्या हुद्द्यांच्या चार्टमध्ये चाळीस माणसं आणि पीएफच्या ईसीआरमध्ये (दरमहाच्या विवरणात) अकरा, हे तर आपण स्वतःच पुरावा हातात दिल्यासारखं.

मालकीचा घोळ मात्र बऱ्याचदा लबाडीतून नाही, घरच्या पद्धतीतून होतो. इथली फर्म तीन भावांची, अमेरिकेतली कंपनी तिथं राहणाऱ्या मेव्हण्याच्या नावावर. घरात नातं सख्खं, कायद्यात शून्य. दोन्हीकडे तोच मालक किंवा तेच भागीदार साधारण त्याच हिश्श्यानं हवेत, नाहीतर एकीची दुसरीवर मालकी आणि ताबा हवा. मग एजंट शेअर सर्टिफिकेट छापून देतो. पैसे कुठून गेले, हा पुढचा प्रश्न येतो तेव्हा उत्तर नसतं.

भांडवल तिकडं न्यायचा योग्य रस्ता असा: बँकेमार्फत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म), रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन नंबर (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक), मगच रक्कम पाठवायची, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर (तिकडच्या कंपनीचा वार्षिक अहवाल). व्यक्तीनं स्वतः पाठवायचे तर आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा. हवाल्यानं गेलेल्या भांडवलाला स्विफ्टची (बँकेतून परदेशी पैसे गेल्याची) पावती नसते, आणि तिकडं नेमकी तीच मागतात.

——

प्रेषक: हिशेब विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

> ते एक वर्ष, तो हुद्दा आणि ती मालकी

दोन शंका. माणूस खरंच मॅनेजर आहे, पण पगार रोख मिळतो, त्याचं काय? आणि ज्यांची फाइल आधीच गेली आहे, त्यांनी काय करावं?

——

प्रेषक: इमिग्रेशन पॅरालीगल, एडिसन, न्यू जर्सी

रोख पगारवाल्यानं जुनं वर्ष रंगवत बसू नये. या महिन्यापासून पगार बँकेत, पीएफ आणि टीडीएस नियमानं, आणि एक वर्ष थांबायचं. त्या वर्षात अमेरिकेची फेरी झाली तर सलगपणा तुटत नाही, पण ते दिवस मोजणीत धरत नाहीत. तितके पुढं वाढवा. जुन्या कामाची खरी ई-मेल, खरेदीच्या ऑर्डरवरच्या सह्या, बायरशी झालेला पत्रव्यवहार असेल तर जपून ठेवा, उपयोगी पडतो.

फाइल गेली असेल तर एजंटला नाही, अमेरिकेतल्या परवानाधारक वकिलाला गाठा. अर्ज कंपनीला मागं घेता येतो. मुलाखत व्हायची असेल तर मुलानं जाऊच नये. मुलाखतीत चुकीचं बोलून झालं असेल, तर अधिकाऱ्यानं खोटं पकडायच्या आत आपणहून दुरुस्त केलं तरच धरतात. पकडल्यावर दिलेली कबुली दुरुस्तीत मोजत नाहीत.

आणि काका, यातल्या निम्म्या लोकांना एल-१ लागतच नसावा. प्रदर्शनात स्टॉल लावणं, बायरला भेटणं, सोलापुरात बनणाऱ्या मालाच्या ऑर्डरी घेणं हे बी-१ या धंद्याच्या भेटीच्या व्हिसावर चालतं. पगार मात्र भारतातूनच हवा आणि तिथल्या गोदामात काम करायचं नाही. हाही रस्ता वाकवणारे असतातच. २०१३ मध्ये इन्फोसिसनं बी-१ च्या प्रकरणात ३.४ कोटी डॉलर भरून तडजोड केली, आरोप मात्र मान्य केले नाहीत. निमंत्रणपत्रांत बैठका लिहून प्रत्यक्षात काम करून घेतलं, असं सरकारचं म्हणणं होतं. म्हणून निमंत्रण बायरच्या लेटरहेडवर घ्या, प्रदर्शनाच्या तारखा आणि स्टॉल नंबरसकट, आणि परतीचं तिकीट त्या तारखांना जुळणारं काढा.