वस्तूंवर छापलेलं, पण कुणी न वाचलेलं: पक्कं ठाऊक असेल ते लिहा

पाटावरवंटा

घरातल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर काहीतरी कोरलेलं, ठोकलेलं नाहीतर छापलेलं असतं. सिलिंडरच्या गळ्याशी, प्लगच्या पोटावर, नाण्यावरच्या सालाखाली. ज्यांचा कामानिमित्त संबंध येतो त्यांना ती अक्षरं पाठ असतात, बाकीच्यांना दिसतही नाहीत. तर ज्याला जे पक्कं माहीत आहे ते इथे लिहावं. व्हॉट्सॅपवर फिरणारं नको. खूण कुठे बघायची, कशी वाचायची आणि लोक कुठे चुकतात, हे तिन्ही सांगा.

औषधाच्या पट्टीपासून सुरुवात करते. एक्स्पायरी 05/2027 असेल तर औषध मे 2027 च्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, 1 मेपर्यंत नाही. पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे. बॅच आणि तारीख बऱ्याचदा एकाच टोकाला छापलेली असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापायच्या. केमिस्टने तारखेचं टोक आधीच्या गिऱ्हाइकाला दिलं असेल तर उरलेल्या तुकड्यावर भरवसा ठेवायला काही उरत नाही.

पाणी घालून तयार करायच्या अँटिबायोटिक सिरपचं गणित वेगळं. बाटलीवरची तारीख कोरड्या पावडरीची. पाणी घातल्यावर बहुतेक सिरपं 7 दिवसांत संपवायची असतात, काहींना फ्रिजही लागतो. ते लेबलावर बारीक अक्षरात असतं. डोळ्यांचे थेंबही फोडल्यावर साधारण 4 आठवडेच, वर्षभराची तारीख असली तरी. बाटलीवर पेनने फोडल्याची तारीख टाकून ठेवा.

शेगडीशेजारी

गॅस सिलिंडरवर लिहिण्यासारखं बरंच आहे, थोडं लांबेल.

वरच्या गोल कड्याला आधार देणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांच्या आतल्या बाजूला 'ए-27', 'सी-28' असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे साल. यालाच 'गॅसची एक्स्पायरी' म्हणून फिरवतात. गॅसला एक्स्पायरी नसते. ती तारीख टाकीच्या चाचणीची आहे: या तिमाहीपर्यंत टाकीची पुन्हा दाबाची चाचणी व्हायला हवी. नव्या टाकीची पहिली चाचणी 10 वर्षांनी, मग दर 5 वर्षांनी.

दुसरा आकडा रिकाम्या टाकीच्या वजनाचा, 15.8 किंवा 16.1 असा दशांशात. प्रत्येक टाकीचा वेगळा. त्यात 14.2 किलो मिळवा: 15.8 ची टाकी भरून 30 किलो भरली पाहिजे. आणणाऱ्याकडे काटा असायला हवा आणि वजन करून मागणं हा तुमचा हक्क आहे. नुसतं 'टाकी हलकी वाटते' म्हणून भांडू नका, कारण मोकळ्या टाक्यांमध्येच दीड-दोन किलोचा फरक असू शकतो.

टाकी घेताना सील बघतात तेवढ्यावर थांबू नये. टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात डोकवा, आत काळी रबरी रिंग दिसली पाहिजे. ती नसेल किंवा तडकलेली असेल तर रेग्युलेटर 'टक' करून बसतो आणि तरी कडेने गॅस येतो. दहातल्या नऊ वेळा लोक रेग्युलेटरला दोष देतात. तपासायचं साबणाच्या फेसाने. काडी पेटवून तपासणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून नमस्कार.

टाकी उभीच ठेवायची, कारण आत गॅस द्रवरूपात असतो. आडवी केली की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये जातो आणि ज्योत भडकते. शेवटचा थेंब असेपर्यंत आतला दाब फारसा उतरत नाही, त्यामुळे ज्योतीवरून किती उरला ते कळत नाही. ओल्या फडक्याने टाकी वरपासून खालपर्यंत पुसा: द्रव आहे तिथली ओल उशिरा वाळते. ती रेघ म्हणजे पातळी.

खालच्या कड्याला भोकं असतात ती हवा खेळून तळाची ओल वाळावी म्हणून. त्यात कापड कोंबू नका किंवा टाकी पाणी साचणाऱ्या जागी ठेवू नका, तळ आतून नाही तर बाहेरूनच गंजतो.

केशरी नळीवर आयएस 9573 आणि बनवल्याचं साल छापलेलं असतं. 5 वर्षांनी बदलायची. लांबी दीड मीटरपर्यंत, मध्ये जोड नको, आणि शेगडीच्या खालून किंवा मागून गरम भागाला चिकटून नेऊ नये.

सुंठवडा

@शेगडीशेजारी, चाचणीची तारीख उलटलेली टाकी आली तर काय करायचं? आणि गळती झाली की पंखा लावायचा असं शेजारी सांगतात, ते बरोबर का?

शेगडीशेजारी

टाकी घ्यायचीच नाही, बदलून द्यावी लागते. आणि पंखा अजिबात नको! बटण दाबताना ठिणगी पडते, चालू करा की बंद करा. एलपीजी हवेहून दीड ते दोन पट जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून वरचा झरोका उघडून भागत नाही, दार सताड उघडायचं आणि केरसुणीने, सुपाने हवा बाहेर ढकलायची. रेग्युलेटर बंद करून सेफ्टी कॅप बसवायची. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, तो उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा आहे.

फ्यूजवायर

विजेचा प्लग घेऊ. वरची पिन लांब आणि जाड. लांब असल्यामुळे प्लग घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जातं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटतं. जाड असल्यामुळे ती चुकूनही फेजच्या भोकात जात नाही. पितळी पिनांना मधून फट असते ती पिन किंचित दबून सॉकेटमध्ये घट्ट बसावी म्हणून. प्लग ढिला झाला, तडतड आवाज येतो, पिन काळी पडते: प्लग बाहेर काढून ती फट पातळ स्क्रूड्रायव्हरने केसभर उघडा. तरी ढिला असेल तर सॉकेट गेलंय, ते बदला.

प्लगवर 6 ए किंवा 16 ए लिहिलेलं असतं. दोन हजार वॉटचा गीझर भागिले 230 व्होल्ट, म्हणजे 8.7 अँपिअर. इस्त्री हजार वॉटची, 4.3. इस्त्री 6 अँपिअरवर चालेल, गीझर नाही. बाजारात जाड पिन लहान सॉकेटात बसवणारे अडाप्टर मिळतात. प्लास्टिक वितळल्याच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तेच सापडतात.

एमसीबीवर (वीज जास्त झाली की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) 'सी 16', 'बी 10' असतं. आकडा म्हणजे किती अँपिअर सतत चालू द्यायचे. अक्षर सांगतं एकदम झटका आला तर किती पटीला लगेच पडायचं: बी 3 ते 5 पट, सी 5 ते 10 पट. मोटर, फ्रिज, एसी सुरू होताना झटका मारतात, म्हणून तिथे सी. एमसीबी वारंवार पडतो म्हणून 16 काढून 32 बसवणं हा घरोघरचा उद्योग. एमसीबी भिंतीतली वायर जळू नये म्हणून असतो. 32 लावलात की तो पडायच्या आधी वायर तापते.

माणसाला वाचवणारं यंत्र निराळं: आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की तोडणारा खटका, त्यावर 30 एमए (मिलिअँपिअर) लिहिलेलं असतं. त्याचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. वर्षानुवर्षं न दाबल्यास आतला खटका अडकतो. फक्त हे लक्षात ठेवा की त्या बटणाने घराचं अर्थिंग तपासलं जात नाही.

कडीकोयंडा

स्टीलच्या भांड्यांचं सोपं आहे: चुंबक चिकटलं नाही म्हणजे उत्तम स्टील. भांडी घेताना चुंबक खिशात ठेवायचं, झालं.

भांडीबाजार

कडीकोयंडा, राग मानू नका, पण याच समजुतीवर निम्मा बाजार चालतो. चुंबक न चिकटणारी दोन कुळं आहेत. 304, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल (डब्यावर 18/8 लिहितात ते हेच), आणि 200 मालिकेतलं 202 वगैरे, ज्यात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. ठोक बाजारात एक थेंब रसायन आणि 9 व्होल्टची बॅटरी लावून बघतात. मँगनीजवाल्या स्टीलवर थेंब लालसर होतो. घरी ओळखायचं तर ठोकलेला शिक्का बघा आणि बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदाराने खळखळ केली की समजायचं ते समजा.

उलट, चुंबक चिकटलं म्हणजे भांडं वाईट असंही नाही. 430 ग्रेडला चिकटतं, आणि इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांचा तळ मुद्दाम तसलाच असतो. 304 च्या वाटीच्या काठाला किंवा खोल ओढलेल्या कोपऱ्याला चुंबक हलकं धरतं, कारण धातू गार असताना दाबून वळवला की तेवढ्या भागाची ठेवण बदलते.

मीठ: स्टीलच्या पातेल्यात गार पाण्यात मीठ टाकून तसंच ठेवलं तर ते तळाशी बसतं आणि पांढरे बारीक खड्डे पडतात. ते घासून जात नाहीत. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा. इंद्रधनुषी डाग मात्र निरुपद्रवी, लिंबाच्या सालीने जातात.

चिल्लरथैली

भांडीबाजार यांच्या चुंबकाला दुसरं काम देतो. हल्लीचं 1 आणि 2 रुपयांचं नाणं चिकटतं: 83 टक्के लोखंड, 17 टक्के क्रोमियम, म्हणजे जवळपास तेच 430 कुळ. जुनं जड तांबं-निकेलचं एक रुपयाचं नाणं चिकटत नाही.

सालाच्या खाली भिंगाने बघा. चौकटची खूण असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं. काहीच नाही म्हणून 'दुर्मीळ नाणं' सांगून विकणारे आहेत, तेवढं सांभाळा.

फाटक्या नोटेबद्दलही लोक उगाच घाबरतात. 20 रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात. 50 आणि पुढच्या नोटांना 80 टक्क्यांहून मोठा एकच तुकडा असेल तर पूर्ण, 40 ते 80 टक्क्यांना निम्मे, त्याखाली शून्य. मोजतात क्षेत्रफळ, नंबर शाबूत आहे की नाही हे नव्हे. म्हणून नोट दोन तुकड्यांत फाटली तर लहान तुकडा टाकू नका.

नंबरात मध्ये चांदणी असलेली नोट खोटी नसते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली बदली नोट असते.

निळीशाई

बारकोड 890 ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, हे चूक. तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेने दिला, इतकाच अर्थ. माल कुठेही बनलेला असेल. मॉलमध्ये वजन करून लावतात त्या भाजीच्या स्टिकरवरचा क्रमांक बहुधा 2 ने सुरू होतो, कारण तो गट दुकानांच्या अंतर्गत वापराला राखून ठेवलाय. पुस्तकावर 978 च्या पुढे 81 किंवा 93 असेल तर आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) भारतातला.

शेवटचा, तेरावा आकडा हिशेबाचा असतो. पहिले बारा घ्या, उदाहरणार्थ 890123456789. पहिला, तिसरा, पाचवा असे सहा आकडे मिळवा: 28. उरलेले सहा मिळवून तिप्पट करा: 34 गुणिले 3, 102. बेरीज 130. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला किती हवेत? शून्य. म्हणून तेरावा आकडा 0. स्कॅनरने एखादी रेघ चुकीची वाचली तर हा हिशेब जुळत नाही आणि 'बीप' होत नाही.

घाटमाथा

रेल्वेचं थोडक्यात. गाड्यांचे नंबर डिसेंबर 2010 पासून पाच आकडी. 0 ने सुरू होते ती विशेष गाडी (गणपती स्पेशल बघा), 9 म्हणजे मुंबईची लोकल. 12 किंवा 22 ने सुरू होणाऱ्या सुपरफास्ट, त्यांना अधिभार पडतो. पुण्याची डेक्कन क्वीन 12123, डेक्कन एक्स्प्रेस 11007. तिकिटातल्या फरकाचं एक कारण तिथेच दिसतं.

डब्यावरच्या पाच आकडी क्रमांकातले पहिले दोन म्हणजे बनवल्याचं साल, पुढचे तीन डब्याचा प्रकार: 201 ते 400 स्लीपर, 401 ते 600 जनरल. 17234 म्हणजे 2017 चा स्लीपर.

वजनकाटा

सोन्यावर आता तीन खुणा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) त्रिकोण, शुद्धता, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. 22के916 म्हणजे हजारात 916 भाग सोनं. आधीच्या चार खुणांच्या पद्धतीत सराफाचा आणि तपासणी केंद्राचा शिक्का असायचा. 1 एप्रिल 2023 पासून दुकानात एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. घरातले जुने दागिने बाद झाले असं मात्र नाही.

बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. प्रकार जरूर वाचा. हातात बांगडी आणि ॲपवर 'अंगठी' दिसली तर नंबर दुसऱ्याचाच उचललेला आहे. 2 ग्रॅमच्या आतल्या वस्तूंना, आणि कुंदन, पोलकी, जडावाच्या कामाला सक्ती नाही. तिथे बिल जास्त सविस्तर घ्यायचं: निव्वळ सोन्याचं वजन, खड्यांचं वजन, कॅरेट, घडणावळ, सगळं वेगवेगळ्या ओळीत.

पंक्चरपट्टी

स्कूटरच्या टायरवर 90/100-10 53जे असतं. रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 100 टक्के, रिम 10 इंच, 53 म्हणजे एका टायरवर 206 किलोपर्यंत भार, 'जे' हे अक्षर म्हणजे ताशी 100 किलोमीटरपर्यंत. लंबगोलात चार आकडे असतात: 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. नवा टायर घेताना हेच बघायचं, चकाकी नाही. चार वर्षं गोदामात पडलेला टायरही पॉलिश मारला की नवाच दिसतो.

बाजूला बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरलं पाहिजे. पंक्चर काढून चाक परत लावताना हा बाण उलटा जातो आणि पावसात नक्षीतलं पाणी बाहेर फेकलं जाण्याऐवजी मधल्या बाजूला ओढलं जातं. गाडी ताब्यात घेण्याआधी वाकून एकदा बघा. डाव्या बाजूने बाण दिसत नसेल तर उजवीकडूनही बघा, काही टायरांवर तो एकाच बाजूला असतो.