आपलं दूध, दुसरीचं बाळ : लिहा तुमचे अनुभव

मैत्रिणीच्या डोहाळजेवणात मी मिल्क बँकेचा (आयांनी दिलेलं जास्तीचं दूध तपासून, साठवून गरजू बाळांना देतात ती) विषय काढला, तर निम्म्या जणींना डेअरीच आठवली. म्हणून हा धागा. दूध दिलेल्या, घेतलेल्या, द्यायचं राहून गेलेल्या, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

लेक ३१व्या आठवड्यात झाली, १ किलो २८० ग्रॅमची. मला ताप. तीन दिवस पंप लावूनही बाटलीच्या तळाला जेमतेम ओल. डॉक्टर म्हणाले, पावडरचं दूध इतक्या कोवळ्या आतड्यांना सोसेलच असं नाही, आतडं सुजून सडूही शकतं. बँकेतलं आईचं दूध देऊ. नवऱ्याने सही केली. नळीला सिरिंज लावून दर दोन तासांनी २ मिली. अर्धा चमचासुद्धा नाही हो! पाचव्या दिवशी माझं सुरू झालं. ते दूध कुणाचं होतं, ते सांगत नाहीत.

तगर : मी देणारी. पान्हा इतका की रात्री दुपटी भिजायची. बँकेत एचआयव्ही, कावीळ वगैरेचे रिपोर्ट बघितले, औषधं-तंबाखूचं विचारलं, फॉर्म भरून घेतला. सासूबाईंचं एकच, "लेकराच्या तोंडचं देऊ नये, आटतं." उलट काढलं की वाढतं, हे सिस्टरने त्यांना पटवलं. मग काय, फ्रीजरमधला वर्षाचा मटार त्यांनीच शेजारी नेऊन ठेवला. दुधाच्या पिशवीवर तारीख-वेळ घालायचं कामही त्यांच्याकडे. तिथीसुद्धा लिहायच्या!

जुनी सिस्टर : आशियातली पहिली अशी बँक आपल्या मुंबईतलीच बरं का. १९८९, सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय, डॉ. अर्मिडा फर्नांडिस. मी दुसरीकडे होते, पण पद्धत तीच. दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवायचं, लगेच गार करायचं, नमुना कल्चरला पाठवायचा, बाकी उणे २० अंशांत. जंतू निघाले की सगळं ओतून द्यायचं. बेसिनपाशी उभं राहून ते ओतताना हात जड व्हायचा. कुणी तरी पहाटे उठून काढलेलं असायचं ना ते.

कोरांटी : आमचं तालुक्याचं गाव. बाळ सातव्या महिन्यात आलं. दवाखान्यात सरळ पावडरचा डबा आणायला सांगितला. शेजारच्या खाटेवरची बाई द्यायला तयार होती, तिला नको म्हणाले. तपासल्याशिवाय देत नाहीत हे आत्ता वर वाचून कळलं. तेव्हा कुणी चार शब्दांत सांगितलं असतं तर मी एवढी भांडले नसते.

नाव नको : माझं बाळ सहाव्या दिवशी गेलं. छाती दगडासारखी. आई म्हणाली, बांधून ठेव. एका सिस्टरने चाचरत विचारलं, देशील का? अकरा दिवस दिलं. पहिल्या बाटलीवर तिने माझं नाव लिहिलं, मी म्हटलं, खाली 'बाळाची आई' असंही लिहा. लिहिलं तिने. जास्त लिहवत नाही.

हमाल : पुरुषांना परवानगी आहे ना? बायको काढते, मी पोचवतो. बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन ठाणे ते सायन, स्लो लोकल. काल समोरच्या काकांनी विचारलं, "पापलेट का?" म्हटलं, दूध. झाकण किलकिलं करून दाखवलं. तर म्हणाले, "एवढंसंच?"