एफएएच्या प्रायव्हेट पायलट लेखी परीक्षेला सोबत काय न्यावे?

घारपंख:
नमस्कार. मी टेक्सासमध्ये नोकरीसाठी राहतो आणि सुटीच्या दिवशी विमान चालवायला शिकतो. एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) लेखी परीक्षेसाठी पीएसआयच्या (परीक्षा घेणारी कंपनी) केंद्रावर वेळ घेतली आहे, परंतु सोबत काय न्यावे याबाबत मनात गोंधळ आहे. माझ्याकडे भारतीय पासपोर्ट असून त्यावर माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे. टेक्सासच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मात्र ते नाही. यामुळे अडचण येईल का? ई६बी (वारा, वेळ आणि इंधनाचे गणित करण्याची चकती) आणि कॅल्क्युलेटर दोन्ही चालतात का?

उत्तरवारा:
आधी ओळखपत्राचे पाहू, कारण अभ्यास कितीही झालेला असला तरी कागद अपुरे असल्यास केंद्रावरून परत पाठवतात. अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्यांना पासपोर्ट दाखवावा लागतोच, शिवाय त्यासोबत अमेरिकेतील राज्याचे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा सरकारी ओळखपत्रही लागते. दोन्ही मूळ आणि मुदतीतील असावीत. फोनमधील छायाचित्र चालत नाही. लायसन्सवर जुना पत्ता किंवा केवळ पोस्टाचा बॉक्स क्रमांक असेल, तर राहत्या घराचा भाडेकरार किंवा विजेचे बिल असा पुरावा जवळ ठेवा.

नावाची अडचण आपल्याकडच्या अनेकांना येते, कारण वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लिहिण्याची आपली पद्धत तिथल्या अर्जांत नीट बसत नाही. आयाक्राच्या (एफएएचे अर्ज भरण्याचे संकेतस्थळ) खात्यातून जो एफटीएन (अर्जदाराची ओळख) क्रमांक मिळतो, त्या खात्यातील नाव पासपोर्टप्रमाणे ठेवावे आणि परीक्षेची नोंदणीही त्याच नावाने करावी, असे मला वाटते. फरक राहिलाच, तर तो केंद्राला आधी फोन करून कळवा आणि उत्तर ईमेलने मागून घ्या; परीक्षेच्या सकाळी खिडकीपाशी वाद घालून काही साधत नाही.

सरावमास्तर:
मी इथे उड्डाण शिकवतो. प्रशिक्षकाची सही विसरू नका. एफएएच्या नियम ६१.१०५ मधील विषयांचा तुमचा अभ्यास झाला असून तुम्ही परीक्षेस तयार आहात, असे प्रशिक्षकाने लॉगबुकात (उड्डाणांच्या नोंदवहीत) किंवा स्वतंत्र कागदावर लिहून द्यावे लागते आणि केंद्र ते मूळ स्वरूपात पाहते. एखाद्यास पुन्हा परीक्षा द्यायची असेल, तर आधीचा अनुत्तीर्ण निकाल आणि प्रशिक्षकाची नवी सही, दोन्ही लागतात.

साधनांपैकी ई६बी, प्लॉटर (नकाशावर अंतर आणि दिशा मोजण्याचे साधन), पट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर चालतो. सीएक्स-३ सारखा इलेक्ट्रॉनिक फ्लाइट कॉम्प्युटरही चालतो, मात्र त्याची माहितीपुस्तिका आत नेता येत नाही आणि साठवलेले काहीही पुसून दाखवावे लागते. फोन, टॅबलेट आणि स्मार्ट घड्याळ बाहेरच ठेवावे. कॉपी किंवा अनधिकृत साहित्य आढळल्यास नियम ६१.३७ नुसार एक वर्ष एफएएची कोणतीही परीक्षा देता येत नाही, म्हणून ई६बीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेली आपली टिपणेही आदल्या रात्री खोडून टाका. वाऱ्याचा हिशेब करताना चकतीवर काढलेला ठिपका नंतर तसाच राहिला, तर पुढच्या गणितात तोच नवा ठिपका समजून चूक होते. तो दरवेळी पुसण्याची सवय आधीच लावून घ्या.

प्लॉटरबद्दल एक सूचना मी प्रत्येक विद्यार्थ्याला आवर्जून देतो. केंद्रावर मिळणाऱ्या पुरवणी पुस्तिकेतील (प्रश्नांसाठीचे नकाशे आणि आकृत्या असलेली) नकाशा अचूक प्रमाणात छापलेला आहे, असे गृहीत धरू नका. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणून आधी त्याच नकाशाच्या उभ्या रेखांशावरील मिनिटांच्या खुणांशी प्लॉटर ताडून पाहा आणि फरक दिसल्यास अंतर त्या खुणांवरूनच मोजा. कच्च्या कामाचा कागद केंद्रच देते.

घारपंख:
दोघांचेही आभार. आयाक्रातील नाव आजच तपासतो. निकालाचा कागद जपून ठेवावा लागतो का?

सरावमास्तर:
होय. साठ प्रश्नांपैकी ज्यांची उत्तरे चुकली असतील, त्यांच्या विषयांचे कोड त्यावर छापलेले असतात. उत्तीर्ण होण्यासाठी सत्तर टक्के पुरेसे असले, तरी त्या कोडांवर मी पुन्हा शिकवून सही केल्याशिवाय तुम्हाला प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येणार नाही, आणि परीक्षक तोंडी प्रश्न विचारताना त्याच विषयांकडे वळतात. निकाल २४ महिने ग्राह्य असतो. तेवढ्यात प्रात्यक्षिक झाले नाही, तर लेखी पुन्हा द्यावी लागते.