पोलिओचे थेंब दिल्यावर पुन्हा सुई कशासाठी?

नवपालक:
माझ्या मुलीला दीड महिन्याची असताना पोलिओचे थेंब पाजले आणि त्याच दिवशी दंडावर पोलिओचीच सुईही टोचली. माझ्या लहानपणी केवळ थेंब मिळत असत. पोलिओ रविवारी करंगळीला शाई लावून घेतल्याचे मला आठवते. थेंब अपुरे ठरले म्हणून ही नवी सुई आली आहे का?

जुनी_पाने:
सुई नवी नाही. थेंबांपेक्षा तीच आधीची आहे. एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स या संशोधकांनी १९४९ मध्ये पोलिओचा विषाणू चेतासंस्थेबाहेरील ऊतींतही वाढवून दाखवला आणि लशीसाठी तो मोठ्या प्रमाणावर मिळवण्याची वाट मोकळी झाली. जोनास साल्क यांनी तो फॉर्मॅलिन या रसायनाने निष्क्रिय करून लस बनवली. १९५४ मध्ये सुमारे १८ लाख मुलांचा सहभाग असलेली चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी तिचे यश जाहीर झाले. त्याच महिन्यात कटर कंपनीच्या लशीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघडकीस आले. अनेकांना पक्षाघात झाला आणि १० जण दगावले.

अल्बर्ट सेबिन यांनी दुर्बल केलेला जिवंत विषाणू तोंडावाटे देण्याचा मार्ग धरला. अमेरिकेतील असंख्य मुलांना साल्क यांची लस आधीच मिळालेली असल्याने सेबिन यांच्या लशीची सर्वांत मोठी चाचणी १९५९ मध्ये मिखाईल चुमाकोव्ह यांच्या पुढाकाराने सोव्हिएत संघात झाली. ऐन शीतयुद्धात हे घडावे, याचे मला अजूनही नवल वाटते. थेंब स्वस्त होते आणि ते पाजायला सुई टोचता येणारी व्यक्तीही लागत नसे, त्यामुळे भारताने त्यांच्यावर भिस्त ठेवली.

सूक्ष्मदर्शी:
आता सुई परत का आली, ते सांगतो. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू १९९९ मध्ये अलिगढ येथे शेवटचा आढळला. थेंबांतील दुर्बल विषाणू क्वचित पुन्हा रोगकारक बनतो. म्हणजे जो शत्रू उरलाच नव्हता, त्याच्यासाठी आपण हा धोका पत्करत होतो. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून दुसरा प्रकार वगळण्यात आला आणि त्याच्यापासूनचे संरक्षण निष्क्रिय विषाणूच्या सुईवर सोपवले गेले.

नवपालक:
मग थेंब पूर्णपणे बंद का करत नाहीत?

सूक्ष्मदर्शी:
सुईमुळे रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिने, तयार होतात आणि मूल पांगळे होण्यापासून वाचते. परंतु आतड्यातील विषाणूची वाढ तिने फारशी थांबत नाही, त्यामुळे असे मूल स्वतः सुरक्षित राहूनही विषाणू पसरवू शकते. थेंब आतड्यातच प्रतिकारशक्ती निर्माण करतात. भारतातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला असला, तरी पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात विषाणू टिकून आहे. तो शिरलाच तर वेळीच कळावे, म्हणून मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जातात.