मॅग्नेटाइट टाकलं की हायड्रोजन दुप्पट?

मेघना: काल इथे एकाने ठोकून दिलं, ‘जिवाणू साखर आंबवून हायड्रोजन बनवतात त्या किण्वनाच्या टाकीत मॅग्नेटाइट (लोहाचं ऑक्साइड खनिज) नाहीतर लोहचूर टाका, हायड्रोजन दुप्पट.’ खाली नुसती वाहवा. अहो, १ मोल ग्लुकोजमधून ॲसिटेट तयार होण्याच्या वाटेने जास्तीत जास्त ४ मोल हायड्रोजन मिळतो, ब्युटिरेटच्या वाटेने २. कुठलंही खनिज ही मर्यादा ओलांडून देत नाही. हायड्रोजन बनवणाऱ्या क्लोस्ट्रिडियम जिवाणूंच्या हायड्रोजनेज या विकराला लोह लागतं. ते कमी पडत असेल तरच फरक पडेल.

आंबवण: ती पोस्ट माझीच. ४ मोल गाठतो कोण? सगळे त्याच्या बरेच खाली अडकतात. लोह तुटलं की जिवाणू हायड्रोजन न देणाऱ्या लॅक्टेटच्या वाटेकडे वळतात, ते कोण थांबवणार?

मेघना: लोह थांबवेल, मान्य. पण लोहचुराचं काय? सामू (pH) ५.५ च्या आसपास ठेवता ना? आम्लात लोखंड स्वतःच हायड्रोजन सोडतं. १ ग्रॅम पूर्ण विरघळलं तर सुमारे ४०० मिली. १ ग्रॅम ग्लुकोजची कमालच सुमारे ५०० मिली! जिवाणूंशिवायची बाटली लावली होती का?

गळती: आधी नळ्या बघा. सिलिकॉनमधून हायड्रोजन पार निसटतो. माझा प्रबंध त्यापायी रखडला आणि आमचे वरिष्ठ म्हणत राहिले, जिवाणूच मरतुकडे आहेत.

आंबवण: इथे नळ्यांचा काय संबंध?

गळती: आकडाच चुकीचा असेल तर खनिजावर भांडता कशाला? वायूने किती पाणी सरकवलं तेवढं बघायचं आणि सगळा हायड्रोजन समजायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड कोणी वजा करायचा?

आंबवण: वायूतले घटक वेगळे मोजणारा गॅस क्रोमॅटोग्राफ सगळ्यांच्या दारात असतो का?

गळती: कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून वायू सोडा, कार्बन डायऑक्साइड तिथेच शोषला जाईल. यंत्र नाही ही सबब ऐकून कान किटले.

मेघना: आणि मिथेन उरेल त्याचं काय? जिवाणूंसाठी टाकलेला गाळ आधी उकळून घेतला नसेल तर त्यातले मिथेनजनक सूक्ष्मजीव हायड्रोजन खातात. त्यांना मॅग्नेटाइट मानवतं, हेही विसरू नका.

आंबवण: उकळला होता, तेवढी अक्कल आहे. लोहचुरासाठी जिवाणूंशिवायची बाटली हवी होती, घ्या, कबूल. पण मॅग्नेटाइटमध्ये धातुरूप लोखंड नाहीच, ते गंजून हायड्रोजन कुठून देणार? तिथला जास्तीचा हायड्रोजन जिवाणूंचाच.

मेघना: हा मुद्दा बरोबर आहे. मग माध्यमात विरघळलेलं लोह आधी किती होतं तो आकडा टाका. ‘दुप्पट’वर त्यानंतर बोलू.