साडेतीन लाखांत युरोपचा मधुचंद्र करावा का?

धागाकर्ता, जुळे सोलापूर
आमचे लग्न मार्गशीर्षात आहे. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो, होणारी पत्नी शिक्षिका आहे आणि दोघांच्या आवर्ती ठेवी मिळून साडेतीन लाख रुपये होतात. एवढ्या रकमेत, कर्ज न काढता, एप्रिलमध्ये युरोपला जावे असे आम्ही ठरवले आहे. घरच्यांना मात्र ते पटलेले नाही. माझे मत असे की, पॅरिस आणि स्वित्झर्लंड यांचा आग्रह सोडला तर हा प्रवास आपल्या आवाक्यातला आहे. प्रागहून व्हिएन्ना रेल्वेने सुमारे चार तासांवर आहे आणि तेथून बुडापेस्ट पावणेतीन तासांवर. जाताना प्रागला उतरायचे आणि परतीचे विमान बुडापेस्टहून घ्यायचे, म्हणजे उलटा प्रवास वाचतो. विमानभाडे १,२०,०००, व्हिसा व विमा २५,०००, नऊ रात्रींचा मुक्काम ६३,०००, रेल्वे १०,००० आणि जेवण, ट्राम, प्रवेशशुल्क मिळून ६०,००० असे धरले आहेत. बेरीज २,७८,००० होते. उरलेले ७२,००० अडीअडचणीसाठी. प्रत्येक शहरात तीन रात्री राहू. काही चुकत असल्यास सांगावे.

नवी पेठ
आपली बेरीज बरोबर आहे, पण ती व्हिसा मिळणारच असे गृहीत धरून केलेली आहे. ११ जून २०२४ पासून शेंजेन व्हिसाचे (युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचे) शुल्क प्रौढ व्यक्तीमागे ९० युरो झाले आणि अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. माझ्या पुतण्याने लग्नातला आहेर एकरकमी खात्यात भरला आणि आठवड्याभरात अर्ज केला. पैसा कोठून आला याचा खुलासा कागदपत्रांत नव्हता, आणि अर्ज फेटाळला गेला. तिकिटे परतावा न मिळणारी होती, ती रक्कमही बुडाली. नव्या सुनेसमोर त्या मुलाचा उतरलेला चेहरा मी पाहिला आहे, म्हणून कळकळीने सांगतो, या पैशांत केरळ उत्तम होईल आणि संसाराला हातात काही उरेलही.

माहेर सोलापूर, सध्या पुणे
काका, आपल्या पुतण्याचे नुकसान युरोपमुळे नव्हे, घाईमुळे झाले. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, त्यामुळे एप्रिलसाठी या दोघांना पुरेसा अवधी आहे. दादा, तुमच्या आराखड्यात एक गोष्ट मात्र बदला. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. मुक्काम समान असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. व्हिएन्नात राहणे तिन्ही शहरांत महाग, म्हणून तेथे दोन रात्री आणि बुडापेस्टला चार ठेवा, म्हणजे अर्ज हंगेरीकडे जाईल. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बोटांचे ठसे द्यायला दोघांनाही प्रत्यक्ष जावे लागते. वहिनींच्या बोटांच्या टोकांवर मेंदी असेल तर यंत्र ठसे घेत नाही, तेव्हा तारीख लग्नाला लागून घेऊ नका. चेक प्रजासत्ताक आणि हंगेरी यांचे चलन युरो नाही. कार्डाचे यंत्र ‘रुपयांत द्यायचे का’ असे विचारते, तेथे स्थानिक चलनच निवडावे, नाहीतर दर महाग पडतो.

आम्ही दोघे बुडापेस्टला गेलो तेव्हा १८९६ साली सुरू झालेल्या भुयारी रेल्वेच्या बुटक्या पिवळ्या डब्यातून सेचेनी स्नानगृहाला गेलो होतो. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि उघड्या कुंडातल्या गरम पाण्याची वाफ एवढी दाट होती की हातभर अंतरावरचे माणूस दिसत नव्हते. आमच्या लग्नातल्या एका जेवणाच्या पंगतीचा खर्च या सबंध सहलीपेक्षा जास्त होता.

होटगी रस्ता
माझा आक्षेप खर्चाला नाही, एप्रिलला आहे. आम्ही दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहत होतो. लग्नानंतर चौथ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी राहिले आणि नवऱ्याशी मोकळेपणाने बोलायला पहिली संधी मिळाली ती थेट दिवाळीत, तीही माहेरी. चार महिने थांबून प्राग पाहण्यापेक्षा लग्नानंतरच्या आठवड्यात दोघांना मिळालेले चार दिवस अधिक मोलाचे असतात. मग ते कोठेही मिळोत. होणाऱ्या पत्नीला आपण हे विचारले आहे का?

धागाकर्ता
ताई, विचारले नव्हते, काल विचारले. लग्नानंतरची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तिला घरीच हवी आहे, पण त्याआधी दोन दिवस कोठेतरी जायचे हेही तिने स्पष्ट सांगितले. म्हणून ७२,००० पैकी १५,००० महाबळेश्वरसाठी काढले आहेत. युरोप एप्रिलमध्येच होईल, मुक्काम तीन, दोन आणि चार रात्रींचा. वाटेत खायला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून नेऊ. आईचे तूप आणि पेढे मात्र ठेवावे लागतील, कारण दुधाचे पदार्थ सामानातून तेथे नेता येत नाहीत.

नवी पेठ
माझे मत बदललेले नाही. तरीही जाणारच असाल तर आहेराची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, आवर्ती ठेवींच्या पावत्या अर्जाला जोडा आणि व्हिसा हातात येईपर्यंत परतावा मिळणारीच तिकिटे ठेवा, मग ती पाच-सात हजारांनी महाग पडली तरी चालतील.