पडक्या गढीतील लांब शेपटीची वटवाघळे

प्रश्न: धुळ्याजवळच्या आमच्या गावातील गढीच्या तळघरात उंदरासारखी लांब, उघडी शेपटी असलेली वटवाघळे राहतात. हिवाळ्याच्या तोंडावर ती कमरेखाली फुगलेली दिसतात. हा आजार असेल का?

उत्तर १: आजार नाही, दादा. वर्णनावरून ही उंदीरशेपटी वटवाघळे वाटतात. उत्तर आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात त्यांचा वावर आहे. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांची शेपटी पडद्यात गुंतलेली असते, यांची मात्र जवळजवळ धडाएवढी लांब आणि मोकळी असते. भुंगेरे, पतंग, पंख फुटलेली वाळवी मुबलक असते तेव्हा ती ओटीपोटात व शेपटीच्या बुडाशी चरबी साठवतात आणि किडे दुर्मिळ होणाऱ्या थंडीत तिच्यावरच गुजराण करतात. नाकपुड्या तर मुद्दाम पाहाव्यात अशा आहेत: चिरेसारख्या अरुंद आणि मिटता येणाऱ्या, त्यामुळे धूळ आत जात नाही.

उत्तर २: मादी वर्षातून एकदाच, एकाच पिलाला जन्म देते, त्यामुळे धूर करून हुसकावलेली वसाहत लवकर भरून येत नाही. कृपया तळघराचे तोंड बुजवू नका आणि थंडीत आत बॅटरी मारू नका, कारण जाग आली की साठवलेली चरबी विनाकारण खर्च होते.